रानडुकरांवर हलकी रायफल हा उपाय नव्हे
किनवट-माहूरच्या जंगलालगतची उभी पिके रानडुकरे एका रात्रीत लोळवतात. शेतकऱ्याला खास हलकी, लहान बोअरची रायफल बनवून घेऊ द्यावी, ही मागणी म्हणूनच समजण्यासारखी आहे, पटण्यासारखी नाही. हलक्या बंदुकीत दमदार काडतूस घातले की खांद्याला धक्का बसून नेम ढळतो; .२२ची गोळी तर डुकराला ठार करण्याऐवजी जखमी करते आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते. शिवाय परवान्याविना बंदूक घडवणे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यातील कलम ११नुसार पिकासाठी डुक्कर मारायची लेखी परवानगी मिळते. पण ती येईपर्यंत पीक उरत नाही, हा आक्षेप खरा. तेव्हा वन विभागाने परवानगी तातडीने द्यावी आणि प्रशिक्षित नेमबाजही स्वतःच पाठवावेत.