सोडा सोडा!

मराठीत 'सोडा' हा शब्द दोन प्रकारे चालतो. एक नाम, दुसरं आज्ञार्थी क्रियापद. डॉक्टर सांगतात ते क्रियापद असतं आणि आपण ऐकतो ते नाम. "मीठ सोडा, त्या गोड बाटल्या सोडा," असं त्यांनी म्हटलं, की दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता आपल्याला आठवतं, कोपऱ्यावर लिंबू सोडा फार छान मिळतो. तिथला पोऱ्या विचारतो, "गोड की खारा?" आपण पडलो मध्यमवर्गीय. टोकाची भूमिका आपल्याला कशातच मानवत नाही. आपण म्हणतो, "मिक्स." म्हणजे ज्या दोन गोष्टी वर्ज्य, त्या दोन्ही एकाच ग्लासात, वर काळं मीठ भुरभुरून.

असो. माझं भांडण त्या पोऱ्याशी नाही. माझं भांडण आहे ते आमच्याच पंक्तीतल्या, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या नोकरदार आणि कुटुंबवत्सल पुरुषांच्या एका जुन्या खोडीशी. रक्तदाब याचा, चिठ्ठी याच्या नावाची, फी याच्या खिशातली; पथ्य मात्र हा घरी येऊन चपला काढायच्या आत बायकोच्या खात्यावर वळतं करतो. "उद्यापासून मीठ कमी घाल." झालं! याचं कर्तव्य संपलं. बँकेत असं काही दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचं तर निदान सही तरी लागते. घरात तीही लागत नाही.

पुढचं नाटक घरोघरी सारखंच. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी पडतं. म्हातारी माणसं म्हणतात, "आज मीठ घालायचं राहिलं वाटतं." मुलं ताट सरकवतात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं रामायण, तो गृहस्थ शांतपणे लोणच्याची बरणी पुढे ओढतो, दोन पापड भाजायला सांगतो आणि वर सुस्कारा टाकतो, "काय करणार! आम्हाला आता अळणीच खायचं." त्या सुस्काऱ्यात जेवढा त्याग असतो, तेवढाच त्या दोन पापडांत खार असतो. बोलणी मात्र कोणाला? जिनं सांगितलेलं ऐकलं तिला.

आता थोडा हिशेब. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला एवढी मुभा असावी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं: आमटी, भाजी, पोळीची कणीक, लोणचं, बिस्किट, पाव, फरसाण. घरात चार मोठी माणसं धरा. दिवसाला २० ग्रॅम. म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. आता तुमची वाणसामानाची यादी आठवा. 'मीठ १ किलो' हे दर महिन्याला असतं ना? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत भारतीय माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो असं आढळलं. आठ चोक बत्तीस. किलोला ३१ दिवस. वाण्याची यादी आणि शास्त्रज्ञांची पाहणी इतकी तंतोतंत जुळलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आमची तर दिवसाअखेरची रोकडही अशी जुळत नाही.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा आमच्या पंक्तीनं ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावावा. बायकांचं सरासरी मीठ ७.१ ग्रॅम, पुरुषांचं ८.९. एकाच घरात, एकाच पातेल्यातलं जेवून हा फरक! थोडा आमच्या वाढीव पोळ्यांचा, हे मान्य. पण थोडा चार वाजताचाही असणार. चार वाजता आमच्या ऑफिसात कोणी तरी फरसाणाचा पुडा फोडतो, वर्तमानपत्रावर पसरतो, आणि सकाळी डब्यातल्या भाजीला नावं ठेवणारे सगळे त्याच्याभोवती जमतात. तिथे "मीठ कमी घाल" असं कोणी कोणाला सांगत नाही. शिवाय रोज कोणाचा तरी वाढदिवस असतोच; मग वेफर्स आणि थंड बाटल्या.

या बाटल्यांचं एक वैशिष्ट्य आहे. ३०० मिलिलिटरच्या कोल्यात तीसएक ग्रॅम साखर असते. सहा-सात चमचे! चहात कोणी सहा चमचे साखर घातली तर आपण त्याला वेड्यात काढू. पण गारव्यानं आणि आंबटपणानं ती गोडी जिभेला कळत नाही, म्हणून बिनसाखरेचा चहा पिणारा मधुमेहाचा उमेदवार ती बाटली पाणी समजून रिचवतो. १९७७ साली कोका-कोला भारतातून निघून गेला; त्याच साली आपण थम्स अप काढलं. आणि १९९३ साली पाहुणा परत आला तेव्हा दोघांनाही ठेवून घेतलं! आज मिठावर जीएसटी शून्य आणि या बाटलीवर ४० टक्के आहे. तरी आपण ती घेतो, आणि वांगी दहा रुपयांनी महागली की सरकारला शिव्या देतो.

बँकेतला माणूस म्हणून एक गोष्ट सांगतो. बारीक अक्षरातला मजकूर नेहमी वाचावा. पुड्याच्या मागे 'सोडियम' असा शब्द असतो. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाच्या चमच्यातला जवळजवळ अर्धा, तोही मॅच बघता बघता.

आता आमच्या पंक्तीचे युक्तिवाद. "आम्ही सैंधव खातो." खा की! पण तेही मीठच. गुलाबी झालं म्हणून सोडियम लाजत नाही. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. "कमी सोडियमचं मीठ मिळतं." मिळतं; त्यात पोटॅशियम असतं, तेव्हा मूत्रपिंडाचं दुखणं किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. "आमचे आजोबा मुठीनं मीठ खायचे आणि नव्वद वर्षं जगले." आजोबा उन्हात नांगर धरायचे. आपण गार हवेच्या यंत्राखाली बसतो; आपल्याला घाम फुटतो तो फक्त ऑडिटर आल्यावर. "मला तर काही होत नाही." हेच तर खरं भय! रक्तदाब दाराची कडी वाजवून येत नाही. तो येतो तेव्हा कधी कधी एकदम अर्धांग घेऊन येतो, आणि मग त्या माणसाला भरवायलाही पुन्हा तीच बसते, जिच्या आमटीला त्यानं नावं ठेवली.

गांधीजी मिठासाठी १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत ३८५ किलोमीटर चालले, हे शाळेत सगळे शिकतात. पण त्याआधीचा त्यांचा घरातला मिठाचा सत्याग्रह आत्मकथेत आहे, तो आमच्या पंक्तीनं मुद्दाम वाचावा. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. बा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्हीसुद्धा सोडणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे स्वतः वर्षभर दोन्ही सोडलं. बा घाबरल्या, विनवण्या केल्या. पण शब्द मागे फिरला नाही. इथे तर दुखणं बायकोचं होतं आणि सोडलं नवऱ्यानं. आमच्याकडे दुखणं नवऱ्याचं असतं.

आम्हाला कोणी गांधीजी व्हायला सांगत नाही. वर्षभर मीठ सोडायलाही नको. तसं ते चांगलंही नाही. माझी मागणी अगदी किरकोळ आहे. मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला आणि ती घालायचं काम नवऱ्यानं करावं. आमटीतलं मीठ एकदम नाही, आठवड्याआठवड्यानं चिमटीचिमटीनं उतरवा; काही आठवड्यांत जीभ रुळते, आणि मग जुनं जेवणच खारट लागतं. या काळात लोणच्याची बरणी ज्याला रक्तदाब आहे त्यानं स्वतः फडताळात ठेवावी. चार वाजता पुडा फुटला की त्यानं उठून पाणी प्यायला जावं. आणि आमटी अळणी लागली तर तोंडातून सुस्कारा न काढता म्हणावं, "छान झालीय."

पहिले दोन आठवडे हे थोडं खोटं असेल. पण खाल्ल्या मिठाला जागायचं, तर खाल्लं नाही त्या मिठालाही जागायला काय हरकत आहे?