मार्गळीतील श्रोता : कच्चेरी की हरिकथा?

मार्गळी हा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा तमिळ महिना. कावेरीच्या खोऱ्यात हाच काय तो हिवाळा, आणि हाच श्रवणाचा हंगाम. तंजावरच्या रसिकापुढे या दिवसांत दोन वाटा असतात : कच्चेरी आणि हरिकथा. मराठीत ‘कचेरी’ म्हणजे कारभाराची जागा. तमिळात तोच शब्द गायनाच्या बैठकीला रूढ झाला. बहुतेक श्रोते कच्चेरीकडे वळतात. साहित्याच्या अभ्यासकानेही तसेच करावे काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

कच्चेरीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. १९२८ साली मद्रासमध्ये संगीत अकादमी स्थापन झाली आणि या हंगामाला शिस्त व प्रतिष्ठा लाभली. तंजावरजवळच्या तिरुवैयारु येथे पौष वद्य पंचमीला त्यागराजांची आराधना होते. तेथील पंचरत्न कृतींचे सामूहिक गायन हा विलक्षण अनुभव आहे. तथापि कच्चेरीत शब्द रागाच्या सेवेस असतो. अर्थ निसटला तरी आस्वाद अडत नाही.

हरिकथेत अर्थ निसटून चालत नाही. मराठी राज्य १८५५ साली संपुष्टात आले, तरी कीर्तनाची परंपरा खुंटली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्या कीर्तनकारांनी तंजावरच्या श्रोत्यांना प्रभावित केले, आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या पद्धतीला कर्नाटक संगीताची जोड देऊन तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते व रचनाप्रकार त्यामुळे मराठी न बोलणाऱ्या कंठांत स्थिरावले.

आक्षेप असा घेतला जातो की, आजच्या श्रोत्याला त्यातील मराठी कळत नाही. मग हस्तलिखिते वाचणेच श्रेयस्कर. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी संग्रहाचे मोल कोणीही नाकारणार नाही. दुसऱ्या सरफोजींचे ‘देवेंद्र कुरवंजी’ पाहावे : नाट्यप्रकार तमिळ, भाषा मराठी, विषय भूगोल. परंतु अशी रचना गाण्यासाठी असते, आणि पोथी चाल सांगत नाही. शिवाय भागवतर मराठी पद गाऊन त्याचे तमिळात निरूपण करतो, तेव्हा श्रोत्यांसमक्ष भाषांतरच घडत असते. तौलनिक साहित्याला याहून जिवंत साधन कोणते?

कच्चेरीला श्रोत्यांची वाण नाही, हरिकथेला आहे. ऐकणारे उरले नाहीत तर गाणारे घडत नाहीत, आणि मग साकी व दिंडी ही केवळ छंदःशास्त्रातील नावे उरतील. म्हणून मराठीच्या आणि तमिळच्या विभागांनी हिवाळ्यातील काही दिवस तंजावरला एकत्र काढावेत. सकाळी पोथी वाचावी, सायंकाळी हरिकथा ऐकावी व ध्वनिमुद्रित करावी. कच्चेरी सोडण्याचे कारण नाही. पण एकच सायंकाळ हाती असेल, तर अभ्यासकाने ती हरिकथेला द्यावी.