विश्लेषण : विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत कुस्ती का नसते? एरंडोलच्या मल्लाला वाट कोणती?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्रीडा स्पर्धांत जळगाव, धुळे, नंदुरबारप्रमाणे एरंडोल हाही स्वतंत्र विभाग आहे. महाविद्यालयातला मल्ल आधी विभागात जिंकतो, मग आंतरविभागीय स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात येतो आणि तेथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्यापुढची पायरी जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा, असा सर्वसाधारण समज. धावपटूच्या बाबतीत तो खरा आहे. मल्लाच्या बाबतीत नाही.

कुस्ती यादीतून गळते कशी?

आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघाच्या (फिसू) या स्पर्धेत १५ खेळ सक्तीचे आहेत. ज्युडो आणि तायक्वांदो त्यात आहेत, कुस्ती नाही. ती ऐच्छिक, म्हणजे यजमानाने निवडली तरच. मॉस्को (१९७३), सोफिया (१९७७), बुखारेस्ट (१९८१), इझमीर (२००५) आणि कझान (२०१३) येथे ती झाली. हे सगळे कुस्तीवेडे यजमान. त्यानंतरच्या पाचही स्पर्धांत कुस्ती नव्हती. चेंगडूत २०२३ मध्ये भारताने विक्रमी २६ पदके जिंकली, तेव्हा आपले मल्ल घरीच होते.

मग मल्लाने कुठे बघायचे?

फिसू कुस्तीची वेगळी जागतिक विद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धा भरवते. २०१६ मध्ये ती तुर्कस्तानातील चोरुमला, २०१८ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात झाली. वयाची अट १८ ते २५ वर्षे. विद्यार्थी असणे आवश्यक, मात्र आदल्या वर्षी पदवी घेतलेल्यालाही खेळता येते. तिसऱ्या वर्षानंतर गदा खुंटीला टांगणाऱ्या किती मुलांना हे कोणी सांगितले असेल?

खानदेशात कुस्तीचे स्वप्न म्हणजे महाराष्ट्र केसरी. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीनदा ही गदा आणली, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण केसरीचा गट ८६ किलोपासून सुरू होतो. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचे वजनगट ५७ किलोपासून, तर महिलांचे ५० किलोपासून आहेत. म्हणजे हलक्या वजनाच्या मुलामुलींना विद्यापीठाची वाटच अधिक जवळची. अडचण सरावाची. यात्रेतल्या दंगलीत मातीवर चितपट झाली की निकाल लागतो आणि इनाम मिळते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपते. जोर तोच, डोके वेगळे लागते.

कागद कोण सांभाळणार?

भारताचा संघ भारतीय विद्यापीठ संघ पाठवतो. जर्मनीत २०२५ च्या स्पर्धेत बॅडमिंटनच्या १२ पैकी ६ खेळाडूंना मिश्र सांघिक लढतीत उतरताच आले नाही, कारण त्यांची नावे नीट नोंदवली गेली नव्हती. मोठ्या शहरांतल्या खेळाडूंची ही गत, तर एरंडोल विभागातल्या मुलाचे पारपत्र, वयाचा दाखला आणि प्रवेशाची कागदपत्रे निवड चाचणीआधी तयार आहेत का, हे बघणारा माणूस विद्यापीठाच्या क्रीडा विभागातच हवा. विभागीय कुस्त्याही मॅटवर, सर्व वजनगटांत आणि मुलींसह घ्यायला हव्यात. यजमान कुस्ती कधी निवडेल, हे आपल्या हातात नाही. मॅट अंथरणे आहे.