श्वासाचा भाव

परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात, पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर निजलेल्या शेतमजुराला मण्यार डसते तेव्हा त्याला बहुधा काही कळतही नाही. सूज नाही, दंशाची ठळक खूण नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि मग छातीचे स्नायू हळूहळू काम थांबवितात. प्रतिविष वेळेवर मिळाले तर ठीक. उशीर झाला तर एकदा लुळे पडलेले स्नायू त्याने लगेच पूर्ववत होत नाहीत. या माणसाचे फुप्फुस धड असते, हृदय धड असते, वय पुष्कळदा पंचविशी-तिशीचे असते. त्याच्यासाठी काही दिवस दुसऱ्या कोणी श्वास घ्यावयाचा असतो, एवढेच. तेवढे घडले तर तो पुन्हा पेरणीला जातो. न घडले तर पंचनामा होतो.

अतिदक्षता विभाग म्हणजे शहरी श्रीमंतांच्या म्हातारपणाची सोय, अशी एक समजूत आपल्या चळवळीतही रुजलेली आहे. ती टाकून दिली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. कीटकनाशकाचे विष अंगात भिनलेल्यालाही अनेकदा याच आधाराची गरज पडते. निकामी होऊ पाहणाऱ्या इंद्रियाचे काम काही काळ बाहेरून चालू ठेवणे, मग तो श्वासासाठी व्हेंटिलेटर असो, मूत्रपिंडासाठी डायलिसिस असो वा रक्तदाब टिकविणारी औषधे असोत, हा कष्टकऱ्यांच्याही जीवनमरणाचा प्रश्न आहे.

या विद्येचा जन्म यंत्रांतून झाला नाही, हे आवर्जून सांगण्याजोगे आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांची रांग लागली आणि यंत्रे मोजकीच होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबण्याची पद्धत सुचविली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी, दिवसरात्र, त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम तेथला मानतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे भांडवलाच्या आधी श्रम आले, आणि तेही संघटित, सार्वजनिक श्रम.

आपल्याकडे नेमका उलटा क्रम लागला. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत पीएम केअर्स निधीतून औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला दीडशे व्हेंटिलेटर मिळाले. त्यांतील काही परभणीसह शेजारच्या जिल्ह्यांकडे गेले. ३७ यंत्रांची खोकी उघडलीच गेली नव्हती. उरलेली ११३ सदोष असल्याचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. यंत्रांत दोष नाही, ती नीट हाताळली गेली नाहीत, असा पवित्रा केंद्राने घेतला. न्यायालयाने या टोलवाटोलवीबद्दल खडसावले. आमच्या मते केंद्राचा बचावच अधिक बोलका होता. हाताळणारी माणसे, प्राणवायूचा योग्य दाब आणि दुरुस्तीची व्यवस्था तेथे आहे की नाही, हे न पाहता यंत्रे वाटणे याला पुरवठा म्हणत नाहीत. फार तर त्याला छायाचित्राचा कार्यक्रम म्हणता येईल.

त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर परभणीच्या जिल्हा रुग्णालयात रात्री झाडाची फांदी कोसळून प्राणवायूची नळवाहिनी फुटली. कर्मचाऱ्यांनी धावपळ करून रुग्णांना सिलिंडरवर घेतले आणि चौदा जणांचे प्राण वाचले. त्याच्या थोडेच दिवस आधी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून बावीस रुग्ण दगावले होते. नाशिकची बातमी देशभर गाजली. परभणीतल्या त्या हातांची नोंद दोन दिवसांत विरून गेली.

आता पैशाचे. आमचे आयुष्य बाजाराचे नियम शिकविण्यात गेले; पण श्वास कोंडलेल्या मुलाचा बाप घासाघीस करू शकत नाही, दुसरे दुकानही पाहू शकत नाही. अशा ठिकाणी बाजार नसतोच, असते ती वसुली. केंद्राच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून उचलला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला, त्याचे स्वागतच आहे. परंतु विम्याच्या कार्डाने खाट निर्माण होत नाही, आणि रात्री दोन वाजता खाटेशेजारी परिचारिका उभी राहत नाही. म्हणून मग बैल विकले जातात, सावकार गाठला जातो. तेही संपले की नातेवाईक कागदावर सही करून रुग्णाला घरी नेतात. कागदावर लिहिलेले असते, ‘स्वेच्छेने’. निरर्थक उपचार थांबविण्याचा विवेकी निर्णय वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला वाट करून दिली आणि २०२३ मध्ये ती सुलभही केली. बरा होऊ शकणाऱ्याची नळी पैशाअभावी निघते, त्याला इच्छा म्हणणे ही भाषेची क्रूर थट्टा आहे.

रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या मजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले, तेव्हा पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीने सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ चा निकाल स्पष्ट आहे. तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय आणि पैशाची अडचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही. हा निकाल कोणा वकिलाच्या कनवाळूपणाने नव्हे, शेतमजुरांच्या संघटनेने मिळविलेला आहे.

तो झरीपर्यंत न्यावयाचा आहे. गावोगावी व्हेंटिलेटर मागणे आम्हाला मान्य नाही. चालविणाऱ्यावाचून ते धूळच खातील. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा आज किती आहे, हाताने दाबावयाची श्वासाची पिशवी आहे काय आणि रात्रपाळीच्या कोणाला ती दाबता येते, १०८ ची गाडी जिंतूर रस्त्यावरून परभणीला किती वेळात पोचते, हे विचारावयास कोणाची परवानगी लागत नाही. पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उभारण्याची योजना केंद्राने २०२१ साली जाहीर केली. परभणीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच अठरा लाखांवर होती. तेव्हा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागावयाची यादी यंत्रांची नसावी. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांतली कंत्राटी किती, ती यादी कार्यकर्त्यांनी लेखी मागावी, आणि मण्यारीचा हंगाम सुरू होण्याआधी मागावी.