द्राक्षांच्या गावातले महागडे ताट

गेल्या डिसेंबरात माझ्या आपाच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या भाच्याने ठरवले की अम्मी-अब्बांना नाशिकजवळच्या एका वाइनरीतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यायचे. मी म्हणालो, "अरे, आपण तिथे जाऊन काय करणार?" तो म्हणाला, "मामू, वाइन प्यायची सक्ती नाही. पण आपली माणसंही अशा ठिकाणी दिसली पाहिजेत की नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. मी गेलो. सात माणसांचे बिल १९ हजार ४०४ रुपये झाले. माझ्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या हाती महिन्याला याहून कमी पैसे पडतात. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे, ते जेवण तेवढ्या किमतीचे होते का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण आपल्यातल्या बहुतेकांना वाटेल त्या कारणासाठी नाही.

आपल्याकडचे ठरलेले उत्तर मला माहीत आहे. दारू हराम, जिथे ती फिरते त्या दस्तरख्वानावर बसायलाही मनाई, विषय संपला. हे उत्तर चुकीचे नाही. आमच्या टेबलावर वाइन नव्हती, पण शेजारच्या प्रत्येक टेबलावर होती. आपाने रिसोतो मागवला, तेव्हा त्यात वाइन घालतात हे भाच्याच्या लक्षात आले. वेटर आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, वाइन काढता येणार नाही, दुसरे काहीतरी घ्या. ज्याला दीनाची काळजी आहे त्याने तिथे जाण्याआधी दहादा विचार करावा, यात वाद नाही. माझा वाद पुढचा आहे. 'हराम' हा एक शब्द उच्चारला की आपला विचार तिथेच थांबतो. मग पैसा, माती, मजुरी, मान या कशाचाच हिशोब आपण करत नाही. तो आज करू.

वाइनरीत बसून महागडे जेवण घेण्याची कल्पना मूळची आपली नाही. नाशिकला 'भारताची नापा व्हॅली' म्हणतात, ती नापा कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या याउंटव्हिल गावात 'द फ्रेंच लॉन्ड्री' नावाचे जगप्रसिद्ध रेस्टॉरंट आहे. एका माणसाच्या जेवणाला तिथे शेकडो डॉलर लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम लोकांना 'एकत्र जमू नका' असे सांगत होते आणि त्याच दिवसांत एका मेजवानीसाठी स्वतः या रेस्टॉरंटमध्ये बसले होते. लोक भडकले. त्यांना पदावरून हटवण्याच्या मोहिमेला त्या रागाने बळ दिले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मतदान घ्यावे लागले. न्यूसम टिकले. पण लोकांना नेमके काय खटकले ते पाहा. पदार्थ महाग होते म्हणून कोणी चिडले नव्हते. बाहेरच्यांचे नियम आत लागू नाहीत, हे त्या टेबलाने दाखवून दिले म्हणून चिडले होते.

मग अशा ताटात आपण पैसे नक्की कशाचे देतो? चवीचे, असे सांगितले जाते. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तीच वाइन दोनदा दिली. एकदा किंमत दहा डॉलर सांगितली, एकदा नव्वद. नव्वदची वाइन लोकांना जास्त आवडली. ते नुसते तोंडदेखले म्हणत नव्हते, सुखाची जाणीव नोंदवणारा मेंदूचा भागही जास्त सक्रिय झालेला दिसला. म्हणजे किंमत हाच एक मसाला आहे. वाइनला जे लागू, ते ताटाला का लागू नसावे? आमच्या मेन्यूकार्डावर 'ट्रफल ऑइल' तीन ठिकाणी होते. बाजारातले बहुतेक ट्रफल ऑइल म्हणजे साध्या तेलात मिसळलेला कृत्रिम वास असतो. ट्रफल नावाच्या दुर्मिळ कंदासारख्या बुरशीचा त्यात अनेकदा अंशही नसतो. पण नाव वाचले की जीभ आधीच तयार होते.

दुसरे उत्तर मिळते ते मातीचे. वाइनवाले लोक जमिनीच्या गुणाबद्दल फार हळवे असतात. या टेकडीची माती, या खोऱ्यातली थंडी, त्यातून उतरलेली चव. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकनही आहे. चांगली गोष्ट आहे. पण मग त्या मातीतले बाकी सगळे ताटात कुठे आहे? पेठ-सुरगाण्याची नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, वरई, इगतपुरीकडचा तांदूळ, जुन्या नाशिकातल्या मोहल्ल्यांतले कबाब. आमच्या मेन्यूत होता इटलीचा भात, इटलीचे चीज, इटलीचा पास्ता. नागली एका बिस्किटाच्या रूपात आली, बोटाएवढी, सूपाच्या कडेला. पेल्यात नाशिकची माती आणि ताटात नाशिकची लाज, असा हा प्रकार आहे.

तिसरे उत्तर शेतकऱ्याचे. सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाइनला करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभारले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे केले गेले. मी नाशिक जिल्ह्यातच वाढलो. २००८ नंतर मंदी आली आणि वाइनला उठाव राहिला नाही, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा तोडल्या किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षाची कलमे केली. ते नुकसान कोणत्याही टेस्टिंग रूमच्या भिंतीवर लिहिलेले दिसत नाही. आणि शेतकऱ्याच्याही खाली मजूर आहे. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, काढणी ही कामे करायला पेठ, सुरगाणा, हरसूल भागातले आदिवासी टोळ्यांनी दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. त्यांची मुले शाळा अर्धवट सोडून आईबापाबरोबर फिरतात. शिक्षक म्हणून मला ही पटावरची रिकामी जागा दिसते. खिडकीतून दिसणाऱ्या ज्या हिरव्या रांगांचे पैसे आम्ही दिले, त्या रांगा या हातांनी सांभाळल्या आहेत.

कोणी म्हणेल, महाग जेवणामुळे निदान स्वयंपाकघरातल्यांना तरी नीट पगार मिळतो. कोपनहेगनचे 'नोमा' अनेकदा जगातले सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरले. तिथे वर्षानुवर्षे शिकाऊ मुले बिनपगारी राबत होती. २०२२ मध्ये त्यांना पगार सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये मालक-शेफ रेने रेडझेपी यांनीच सांगून टाकले की रेस्टॉरंट चालवण्याची ही पद्धत टिकणारी नाही. जगातल्या सर्वात महागड्या ताटांपैकी एकालाही स्वतःचा घाम परवडत नव्हता.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्यासाठी खरा प्रश्न तोच आहे. आपली माणसे अशा ठिकाणी दिसली पाहिजेत की नाही?

बिल आले तेव्हा त्यात दहा टक्के सेवाशुल्क होते, १ हजार ६८० रुपये. हे शुल्क ग्राहकावर आपोआप लादता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. भाच्याला हे माहीत होते. मी खुणावले, तर तो हळूच म्हणाला, "जाऊ द्या मामू, उगाच वाटायला नको." काय वाटायला नको? दुपट्टा घेतलेली आपा, दाढीवाले दूल्हेभाई, आणि वर बिलावरून हुज्जत. हे 'असेच' असतात, असे कोणाला वाटू नये म्हणून त्याने हक्काचे पैसे सोडले. माझ्या हिशोबात ते १ हजार ६८० रुपये हा इज्जतीचा कर होता. ज्या जागेत आपल्याला बरोबरीने बसता यावे म्हणून आपण गेलो, तिथे आपण साधा प्रश्नही विचारू शकलो नाही. नुसते दिसणे म्हणजे बरोबरी नव्हे. बिलातली ओळ खोडायला सांगता येणे, ही बरोबरी आहे.

मोहल्ल्याबाहेर पडू नका, असे मी तरुणांना मुळीच सांगत नाही. जरूर पडा. ग्रंथालयात, नाट्यगृहात, संमेलनात, ग्रामसभेत, बँकेत, कोर्टात दिसा. तिथे बसायला टेबल आगाऊ राखून ठेवावे लागत नाही.

एवढे बोलून मी भाच्यासमोर जिंकलो, असे मला वाटले होते. त्याने शांतपणे विचारले, "आणि धाकट्या मामूच्या वलीम्याला आठशे माणसं होती, त्याचं काय? त्या रात्री उरलेली बिर्याणी कुठे गेली, आठवतं?"

आठवते. हॉलच्या मागे ती कुत्र्यांपुढे पडली होती. त्या वलीम्याचे कर्ज फेडायला भावाला दोन वर्षे लागली. तिथे वाइन नव्हती, सगळे हलाल होते, म्हणून कोणी ब्र काढला नाही. मीही नाही. मंडपात उभा राहून मी "अजून घ्या, अजून घ्या" करत होतो. इसराफ, म्हणजे उधळपट्टी. तिची मनाई कुरआनात खाण्यापिण्याच्या हुकमासोबतच आली आहे. आणि ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात त्याचे जेवण सर्वात वाईट, ही हदीस आपल्या प्रत्येक इमामाला पाठ आहे. मग वाइनरीकडे बोट दाखवताना आपला मंडप कसा विसरायचा?

त्या दिवशी वाइनरीच्या पार्किंगमध्ये आमच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर अडीच तास बसून होता. तीनशे रुपये भत्ता दिला होता, पण जवळपास साधी टपरीही नव्हती. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याने सकाळचा वडापाव संपवल्याचे सांगितले. सातजणांपैकी एकालाही जेवताना त्याची आठवण झाली नव्हती. वलीम्याच्या रात्री मंडपाबाहेर किती ड्रायव्हर, किती भांडी घासणाऱ्या बाया उपाशी थांबल्या होत्या, तेही मी कधी मोजले नाही.

म्हणून महाग ताट परवडण्यासारखे आहे का, हे ठरवायला मी आता तीन प्रश्न विचारतो. हे ज्यांनी पिकवले आणि शिजवले त्यांना त्यातले काय मिळाले? या जागेचे त्यात काय आहे? आणि दाराबाहेर कोण थांबले आहे? वाइनरीचे ताट या तिन्हीत नापास आहे. आपला आठशे माणसांचा वलीमा दुसऱ्या प्रश्नात कसाबसा पास होईल, बाकी दोन्हीत नापास.

वाइनरीत मी पुन्हा जाणार नाही. हे सोपे आहे, त्यात माझा काही त्याग नाही. अवघड आहे ते पुढचे. यंदा माझ्या मुलीचा निकाह आहे. यादी दीडशे माणसांची करायची, ड्रायव्हर आणि वाढप्यांची ताटे पाहुण्यांच्या आधी लावायची आणि कर्ज काढायचे नाही, असे बेगम आणि मी ठरवले आहे. पहिला फोन काल मालेगावहून आला, मोठ्या चुलत्यांचा. रागावलेत. अजून बरेच फोन येतील. ज्यांना यादीतून वगळले त्यांना तोंडावर 'नाही' सांगायचे आहे, आणि त्याची तयारी मी आरशासमोर करतो आहे.