किडनी लावली; राखणार कोण?

आषाढाच्या पावसात आपल्या मावळात भातलावणी सुरू होते. रोप एका जागेवरून उपटायचे आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे. चार-आठ दिवस ते पिवळे पडते, मग मूळ धरते. एकदा जगले की ते त्या खाचराचेच झाले. किडनीचे प्रत्यारोपण म्हणजे काय, हे रुग्णांना समजावताना मी पुष्कळ वर्षे हाच दाखला देत असे. आता देत नाही. त्याचे कारण सांगतो.

पवन मावळातील एका तरुणाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईने आपली एक दिली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, घरची म्हैस विकली गेली, उसनवारी झाली. पण मुलगा उठून कामाला लागला. तीन वर्षे सारे उत्तम चालले. मग बहिणीचे लग्न निघाले. पैशाची ओढाताण होती आणि याला तर काहीच त्रास नव्हता. त्याने गोळ्या बंद केल्या. पुढे पायांवर सूज घेऊन आला तेव्हा मला म्हणाला, "डॉक्टर, तीन वर्षं झाली की. म्हटलं, आता रुजली असंल."

किडनी गेली होती. त्याची आई दवाखान्याच्या बाकावर बसून होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, "माझी दुसरी बी काढून देता येती का?"

वाचकहो, या गोष्टीत माझाही दोष आहे. गोळ्या बंद केल्यानंतरच्या काळात तो माझ्याकडे दोनदा आला होता. एकदा खोकल्यासाठी, एकदा कंबर धरली म्हणून. किडनीच्या रुग्णाला वेदनाशामक गोळ्या द्यायच्या नाहीत, हे मला ठाऊक होते. म्हणून मी मलम आणि विश्रांती सांगितली. पण "तुझ्या नेहमीच्या गोळ्या चालू आहेत ना?" हा एक प्रश्न मी विचारला नाही.

शरीराचे पहारेकरी

रोप आणि खाचर यांच्यात वैर नसते. शरीराचे तसे नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी आपले-परके ओळखणाऱ्या पहारेकऱ्यांसारख्या असतात. आईची असली तरी किडनी त्यांच्या लेखी परकीच. १९५४ साली बोस्टनमध्ये किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे पहारेकऱ्यांना फरक कळलाच नाही, म्हणून ते टिकले. बाकी सर्वांना या पेशींना आवरणारी औषधे रोज घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही त्यांतली नेहमीची नावे.

अवयव नाकारण्याची तीव्र प्रक्रिया बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. ती वेळीच ध्यानात आली तर शिरेतून औषधे देऊन अनेकदा परतवता येते. दुसरी प्रक्रिया संथ असते, वर्षानुवर्षे चालते आणि दुखत तर मुळीच नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढते तेव्हाही रुग्ण हसतखेळत असतो. म्हणून "मला काही त्रास नाही" या वाक्यावर विसंबून राहू नये. विश्वास ठेवायचा तो तपासणीच्या कागदावर.

चांगल्या केंद्रांत पहिले वर्ष संपताना १०० पैकी ९० हून अधिक किडन्या चालू असतात. जिवंत दात्याची किडनी नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षेही साथ देते. शस्त्रक्रियेचे यश सर्जनचे असते; पुढच्या वर्षांचे यश मात्र घरातल्या गोळ्यांच्या डबीवर अवलंबून असते.

सत्तेचाळीस वर्षांचे अंतर

हृदयाचेही तसेच आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासांतच दगावला. त्या काळात जगभर अशा शस्त्रक्रिया झाल्या, पण बहुतेक रुग्ण वर्षभरही टिकले नाहीत. हात कुशल होते. पहारेकऱ्यांना आवरणारे खात्रीचे औषध नव्हते. पुढे नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि १९८० नंतर चित्र पालटले. आपल्याकडे १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. त्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि अवयवांचा व्यापार गुन्हा ठरवला.

त्यानंतर ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून एका मेंदूमृत महिलेचे हृदय विमानाने मुंबईला गेले आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात एका तरुणाच्या छातीत धडधडू लागले. मुंबईत १९६८ नंतर, म्हणजे ४७ वर्षांनी, हे यश आले. पुणे आणि मुंबईच्या मधोमध आपण राहतो. आपल्या घाटातला अपघात आपल्याला रोज दिसतो, पण अशा दानाचा विचार आपल्या घरात होत नाही.

रांग कोणाची?

दवाखान्यात हा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतो, "अहो, ते श्रीमंतांनाच मिळते." हा समज दूर व्हायला हवा. मरणोत्तर मिळालेल्या अवयवांचे वाटप आपल्याकडे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. नोंदणी रुग्णालयातून होते. किडनीसाठी रक्तगट, डायलिसिसवर काढलेला काळ अशा गोष्टींचे गुण धरतात. यकृतासाठी आजार किती गंभीर आहे ते पाहतात. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी चार डॉक्टर असतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते आणि त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कोणी नसतो.

खरी अडचण रांग पुढे सरकत नाही, ही आहे. २०२३ साली देशात १८ हजारांवर प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते होते अवघे अकराशेच्या आसपास. उरलेला भार जिवंत नातेवाइकांवर आणि त्यातही बायकांवर पडतो. २०१९ ते २०२३ या काळात जिवंत दात्यांपैकी सुमारे ६४ टक्के स्त्रिया होत्या. बाकावर बसलेली ती माउली म्हणजे या आकड्यातलीच एक.

म्हणून मला वाटते, अवयवदानाच्या फलकांवर आपण अर्धीच गोष्ट सांगतो. "दान करा" म्हणतो, "राखा" म्हणत नाही. एक किडनी गेली की माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो आणि त्याच्या मागचा आणखी मागे जातो.

काय करावे?

प्रत्यारोपण झालेल्यांनी गोळ्या घड्याळ लावून घ्याव्यात, एकही स्वतःहून सोडू नये. ताप आला तर तो साधा समजू नये. वेदनाशामक आणि जडीबुटी टाळावी. गणपतीत घरोघरी येणारे पपनसदेखील डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. त्या जातीच्या फळांनी औषधाचे रक्तातील प्रमाण बदलते.

माझ्या व्यवसायबंधूंनी असा रुग्ण शिंका येते म्हणून आला तरी गोळ्यांची डबी पाहावी. क्षयावरचे रिफाम्पिसिन औषधाची पातळी खाली आणते, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल वर नेते. लिहिण्यापूर्वी पुण्याच्या तज्ज्ञाला एक फोन करावा.

आणि शासनाने शस्त्रक्रियेइतकीच गोळ्यांची काळजी घ्यावी. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णांना या औषधांसाठी मदतीची तरतूद आहे. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील खिडकीवर, दर महिन्याला, न मागता मिळाली पाहिजे. लाखोंची शस्त्रक्रिया करून पुढे गोळ्यांअभावी किडनी जाऊ देणे हा शहाणपणाचा हिशेब नाही.

तो तरुण आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. पुण्याच्या यादीत त्याचे नाव आहे. माझ्या दवाखान्यात मात्र एक बदल झाला आहे. प्रत्यारोपण झालेला कोणीही आला की मी नाडी पाहण्याआधी विचारतो, "सकाळची गोळी घेतलीस का?"