टोप धुवा, पण दडवू नका!

केसदानाचे रील तुम्हीही लाईक केले असतील. लांबसडक वेणी कापली, हातात धरली, फोटो काढला, पोस्ट टाकली. छानच आहे ते. पण त्या केसांचा पुढे टोप होतो, तो कुणाच्या तरी डोक्यावर जातो. तो धुवायचा कसा, हे त्या बाईला कुणी सांगतं का? साक्रीतल्या आमच्या घराचा अनुभव तरी ‘नाही’ असाच आहे.

माझ्या मावशीचे केस केमोथेरपीत गेले. केमोची औषधं वेगाने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात, त्यात केसांच्या मुळांतल्या पेशीही सापडतात. उपचार संपले की बहुतेकांचे केस परत येतात, पण मधले महिने काढायचे असतात ना! मावशीने सिंथेटिक टोप घेतला. दुकानातून डबा मिळाला, बिल मिळालं, माहिती शून्य.

अखाजीला घर माणसांनी भरलेलं. खापरावरचे मांडे मावशीच्याच हातचे हवेत, आणि पाहुण्यांसमोर उघड्या डोक्याने बसायची तिची तयारी नाही. टोप घालूनच ती चुलीपुढे बसली. संध्याकाळी आरशात पाहते तर कपाळावरच्या बटा आखडून कडक झालेल्या. ‘‘माय वं, हाई काय व्हई गयं!’’

झालं असं, की सिंथेटिक धागा म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. चुलीची धग, कुकरची वाफ, हेअर ड्रायर यांनी तो आकसतो आणि मग सहसा पूर्ववत होत नाही. मावशीने त्यावर खोबरेल चोपडलं, गरम पाण्याने धुतलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून कपाटामागे वाळत घातलं. तेलावर धूळ बसली, आतल्या जाळीला कुबट वास लागला. टोप गेला.

तर लक्षात ठेवा. धुण्याआधी मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर असा गुंता सोडवा. टबात गार पाणी, थोडा सौम्य शाम्पू. टोप बुडवून हलकेच हलवा, चोळू नका, पिळू नका. बोअरचं पाणी जड असेल, तर शेवटी जारच्या पाण्यातून काढा. कंडिशनर फक्त केसांना, आतल्या जाळीला नाही, कारण गाठी सैल होतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवा. सिंथेटिक टोप ओला असताना विंचरू नका. तेल अजिबात नको, टोपाला मुळंच नसतात! रोज धुवायचीही गरज नाही, आठ-दहा वेळा वापरल्यावर पुरे. आणि स्वयंपाकघरात टोप काढून सुती रुमाल बांधा.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. टोप खराब होतो तो निम्मा लाजेमुळे. लपवायचा म्हणून चुलीपुढेही काढायचा नाही, लपवायचा म्हणून अंधारात वाळवायचा, लपवायचा म्हणून कुणाला विचारायचंही नाही. अरे, लग्नात नवरीला गंगावन लावताना आपण लाजतो का? बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांचं कौतुक आजही करतोच ना? मग आजारातून उठणाऱ्या बाईच्या टोपाचीच कुजबुज का?

टोप विकणाऱ्यांनी सोबत मराठीत एक पानभर सूचना द्याव्यात. केमोच्या वॉर्डात कुणीतरी पाच मिनिटं हे समजावून सांगावं. यात खर्च तो किती? आणि तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल, तर केसदानाच्या फोटोइतकाच वेळ काढा. टब भरून द्या, शेजारी बसा.

मावशीचा दुसरा टोप आता ओसरीवर, पालथ्या बरणीवर वाळतो. पहिल्या दिवशी शेजारणीने विचारलं, मावशीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंच नाही.